कोटाला लावायची लग्नातली फुलं घरी करायची आहेत, कोणी केलीत का?

पाणंद | ११ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,
भावाचं लग्न मे च्या दुसऱ्या आठवड्यात आहे, आमच्याच घरी. मालवणच्या जवळ गाव. सकाळचे विधी अंगणातल्या मांडवात, मुंडावळ्या, उपरणं सगळं रीतसर. पण संध्याकाळी रिसेप्शन आणि तिथे भावाला सूट घालायचाय, आणि सूट आला म्हणून कोटाला ते फूल पण हवंय. बुतोनिएर म्हणतात म्हणे त्याला. पुण्यात मित्राच्या लग्नात बघून आलाय. बरं नुसतं स्वतःला नाही, बाबा, दोन मामा, काका, आजोबा, व्याह्यांकडचे चार आणि मित्र सहा. म्हणजे १६ नग.

डेकोरेशनवाल्याने एका नगाचे २०० सांगितले. एवढ्याशा फुलाचे! मला वेणी गुंफता येते, वळेसर करता येतो, आजीने शिकवलंय, मग हे का नाही जमणार असं मी घरात बोलून बसले आणि आता सगळे माझ्याकडे बघतायत. फुलं कुठली घ्यायची, बांधायची कशी, आदल्या दिवशी केली तर आपल्या उकाड्यात टिकतात का? व्हिडिओ पाहिले पण ते सगळे थंड देशातले, निम्मी फुलं इथे मिळत नाहीत आणि त्यातल्या एकाच्याही कपाळावर घाम नाही.

गजालवाडी | ११ एप्रिल, रात्री ११:०५

कोटाक फूल? आमच्या लग्नात कोट एकच होतो, तो पण शेजाऱ्याचो. फुलाची पिन टोचली असती तर तेणा मांडवातच काढून घेतल्यान असतो.

निवांत_नाना | १२ एप्रिल, सकाळी ६:१५

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हे आपलं नाही. आपल्याकडे दारात अत्तरदाणी गुलाबदाणी घेऊन दोघं उभे असायचे, येणाऱ्याच्या हाताला अत्तर, अंगावर गुलाबपाणी, हातात एक गुलाब. त्यात जो मान होता तो कोटाला पिना टोचण्यात नाही. कोकणात मे महिन्यात सूट घालणं हाच मुळात स्वतःवर अत्याचार आहे, त्यावर आणि फूल.

शेवग्याची_शेंग | १२ एप्रिल, सकाळी ९:३०

नाना, तुमच्या लग्नात तुमच्या वडिलांच्या छातीवर 'वरपिता' लिहिलेला सॅटिनचा चुण्याचुण्यांचा बिल्ला नव्हता का? खाली दोन शेपट्या लोंबणारा? तो काय ऋग्वेदात आहे?

निवांत_नाना | १२ एप्रिल, सकाळी ९:५२

होता. अजून कपाटात आहे. निरुत्तर.

शिलाईमशीन | १२ एप्रिल, दुपारी १:१०

आमचा तीन पिढ्यांचा टेलरिंगचा धंदा म्हणून बोलतो. कोटाच्या डाव्या लॅपलवर, म्हणजे गळ्यापाशी दुमडलेल्या पट्टीवर, जे काज असतं ना, ज्याला समोर बटणच नसतं, ते या फुलासाठीच. चांगल्या शिवलेल्या कोटात लॅपलच्या मागे धाग्याचा एक बारीक फास पण असतो, देठ त्यात अडकवायचा. नेहरूंच्या अचकनीवरचा गुलाब पण बटणाच्या काजातच असायचा. आता रेडिमेड कोटात ते काज नुसतं दाखवायला असतं, मधे कापलेलंच नसतं. भावाचा कोट आधी बघा. कापलेलं नसेल तर टेलरकडून कापून घ्या, घरी ब्लेड चालवू नका, एक धागा तुटला की सगळं काज उसवतं. मागचा फास तर पाच मिनिटांचं काम आहे, माझ्याकडे आणलात तर पैसे पण घेणार नाही.

शेवग्याची_शेंग | १२ एप्रिल, दुपारी १:२५

मग बुतोनिएर काय म्हणताय, सरळ 'काजफूल' म्हणा की.

खाडीकाठ | १२ एप्रिल, दुपारी १:३१

आमच्याकडे काजफूल म्हटलं तर लोक काजूच्या बागेत शोधायला जातील.

वसईची_पोर | १२ एप्रिल, रात्री ९:२०

अगं पाणंद, हे वाचून मला राहवेना. आमच्या घरात प्रत्येक लग्नाला ही फुलं लागतातच, नवरा, बेस्टमन, दोघांचे बाबा, आणि माझ्या चुलतभावांची तिघांची लग्नं मी आणि आईने मिळून केलीत. घरात सोनचाफा मोगरा असून सुद्धा कोटाला कधी लावला नाही, का ते पुढे सांगते.

फूल एकच घ्यायचं आणि फार मोठं नाही. मोठं लावलं की नवरा सत्काराला आलेल्या आमदारासारखा दिसतो. देठ बोटभर ठेवून बाकी कापायचा, मग फुलाच्या खाली जी हिरवी वाटी असते तिच्यातून बारीक तार आडवी आरपार घालायची आणि दोन्ही टोकं खाली वाकवून देठाला लागून सरळ आणायची, म्हणजे फूल तारेवर उभं राहतं, देठावर नाही. देठाने मान टाकली तरी फूल टाकत नाही. हीच सगळी मेख आहे. मग मागे एक छोटं पान, बाजूला काहीतरी बारीक, आणि सगळं एकत्र धरून वरून खाली टेप गुंडाळायची. फुलवाल्यांची हिरवी टेप मिळते ती हातात घेतली तर चिकटच लागत नाही, लोकांना वाटतं खराब निघाली. ती ओढायची असते, ताणली की तिच्यातलं मेण सुटतं आणि मग स्वतःला चिकटते. एका हाताने ओढ आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत फूल गोल गोल फिरव. वेणी येते ना तुला, दहाव्या नगाला हात बसेल.

लावताना डावीकडे, फूल वर देठ खाली, लॅपलच्या कडेला समांतर. पिन मागून घालायची, देठावरून नेऊन परत मागे काढायची, पुढून दिसता कामा नये. मोत्याच्या डोक्याच्या लांब टाचण्या घे आणि मोजून दुप्पट घे. आणि नवऱ्याची फुलं दोन कर!! एक फोटोपुरतं, एक मिठ्या मारून चेंगरल्यावर. आमच्या एका भावाचं केक कापायच्या आधीच पापड झालं होतं.

आता सोनचाफा. वासाला राजा, पण पाकळी दाबली गेली की तिथे काळी होते आणि संध्याकाळपर्यंत एकेक गळायला लागते. अनंताचं तसंच, बोट लागलं की पांढऱ्यावर तपकिरी डाग, परदेशात लोक तो कोटाला लावतात खरे, पण त्यांच्याकडे मे महिना असा नसतो. मोगरा संध्याकाळी उमलतो ते बरोबर जुळतं पण रात्री दहाला त्याने मान टाकलेली असते. म्हणून आम्ही कार्नेशन, ऑर्किड, नाहीतर शेवंती.

मुंबैकर_नाइलाजाने | १२ एप्रिल, रात्री ११:४८

सुरंगी का नको? नुसतं नाव काढलं तरी आमच्या आरवलीच्या घराचं अंगण आठवतं.

गजालवाडी | १३ एप्रिल, सकाळी ७:०२

बाबा, सुरंगी मे म्हयन्यात खय गावतली? फेब्रुवारी-मार्चात संपली ती. झाडार चढून कळे काढूचे लागतत, उमलायच्या आदी, नायतर सगळो वास झाडारच जाता. मुंबैत ऱ्हवान तुमका म्हयनेच इसराक झाले.

मुंबैकर_नाइलाजाने | १३ एप्रिल, सकाळी ८:१५

लागलं मनाला. पण खरं आहे.

खाडीकाठ | १३ एप्रिल, सकाळी १०:४०

तार कुठे मिळेल म्हणून मुंबईला कोणाला सांगत बसू नकोस. जिथे पंख्याची, पंपाची मोटर रिवाइंड करतात ना त्या दुकानात जा आणि २४ गेजची तांब्याची वायर मीटरभर उरलेली द्या म्हणून सांग. वाकते पण मऊ पडत नाही, आणि वर लाख असल्याने हिरवी पण पडत नाही. आमच्या मुलीच्या गॅदरिंगची सगळी फुलं मी तीवरच केली होती. अॅल्युमिनियमची घेऊ नकोस, फार मऊ.

माडाखालचा | १३ एप्रिल, दुपारी ४:०५

वसईताईंनी 'बाजूला काहीतरी बारीक' लिहिलंय, तिथे सगळे ते पांढरं जिप्सी लावतात. कशाला? माडाची नुकती फुटलेली पोय, म्हणजे फुलोरा, घ्या. तिच्या काड्या फिक्या पिवळ्या, त्यावर तांदळाएवढ्या कळ्या, दिसायला जिप्सीपेक्षा दहापट देखण्या आणि उकाड्याला सवयीच्या. आमच्याकडे शुभ पण मानतात.

पाणंद | १३ एप्रिल, सायंकाळी ७:३०

माडाखालचा, कल्पना भारी आहे पण आजीला नुसतं सांगितलं तर म्हणाली पोय तोडलीस तर तेवढे नारळ तू देणार का.

माडाखालचा | १३ एप्रिल, सायंकाळी ७:५५

आजींना सांग पोय तोडायची नाहीच आहे. नारळ ज्या फुलातून धरतो ती मादीफुलं, मोठी बोंडासारखी, प्रत्येक काडीच्या बुडाशी असतात. वर टोकापर्यंत सगळी नरफुलं, ती तशीही काही दिवसांत झडून खाली पडतात. वरची चार-चार बोटं टोकं खुडायची फक्त. दोन-तीन पोयींची मिळून थोडी थोडी घेतली तर माडाला कळणार पण नाही. गड्याला मात्र नीट समजावून वर चढवा.

आजकाल_पुण्यात | १४ एप्रिल, सकाळी ११:००

पिनांची कटकट कशाला, हल्ली चुंबक मिळतात. एक फुलाच्या मागे, एक कोटाच्या आत. भोक नाही काही नाही.

पाणंद | १४ एप्रिल, सकाळी ११:२०

हे बेस्ट आहे की. आजोबांना तर पिन नकोच म्हणतायत, पेसमेकरच्या तिथे टोचेल म्हणून घाबरतात.

वसईची_पोर | १४ एप्रिल, सकाळी ११:२४

थांब थांब थांब. पेसमेकर असेल तर चुंबक अजिबात नाही! पेसमेकर बहुतेक वेळा डाव्या बाजूलाच कॉलरबोनच्या खाली बसवतात आणि फूल नेमकं त्याच जागेवर येतं. चुंबक तिथे धरला तर त्याचं काम बदलू शकतं. आजोबांना फूल हातात दे, टोपीला लाव, काहीही कर.

पाणंद | १४ एप्रिल, सकाळी ११:३१

बापरे. बरं झालं बोललीस. चुंबक कॅन्सल, कोणालाच नको, गडबडीत अदलाबदल झाली तर!

पाणंद | २१ एप्रिल, रात्री ८:१५

रंगीत तालीम केली आणि रडायची वेळ आलीय.

कोल्हापूरहून फुलांची गाडी येते त्यांच्याकडून ५ कार्नेशन, ३ ऑर्किडच्या दांड्या आणि थोडी पांढरी बटण शेवंती मागवली. तांब्याची वायर मिळाली (दुकानदाराने फुकट दिली आणि लग्नाला येतो म्हणाला). वसईताईंनी सांगितलं तसंच केलं, टेप ओढून वगैरे, दिसायला इतकी छान झाली की भावाने लगेच स्टेटसला टाकली. फ्रिजमध्ये सुरमई आणि पापलेट, तिथे फुलं ठेवली तर नवऱ्याच्या छातीला बाजाराचा वास येईल म्हणून ओला टिश्यू घालून डब्यात भरली आणि डबा माजघरात ठेवला, घरातली सगळ्यात गार जागा. सकाळी बघते तर कार्नेशन पाचही आत मिटलेली, पाकळ्या आतल्या बाजूला वळून झोपल्यासारखी. ऑर्किडची दोन फुलं गळून डब्यात पडलेली. शेवंतीला मात्र काही झालेलं नाही, ढिम्म. माझं काय चुकलं? तार जास्त आत गेली का?

आजकाल_पुण्यात | २१ एप्रिल, रात्री ८:३०

उकाडा. दुसरं काय.

वसईची_पोर | २१ एप्रिल, रात्री ८:४४

उकाड्याने असं मिटत नाही गं, उकाड्याने मरगळतं. बांधायच्या आधी फुलं बादलीभर पाण्यात चारपाच तास उभी ठेवली होतीस का? पण तरी पाचही मिटली म्हणजे विचित्रच. आमच्याकडे असं कधीच झालं नाही.

निवांत_नाना | २१ एप्रिल, रात्री ९:०२

शेवंती टिकली. देवाला वाहतो ती टिकली. मी काही बोलत नाही.

पदवी_दापोलीची | २१ एप्रिल, रात्री १०:१५

एकच प्रश्न. माजघरात आंबे आहेत का?

पाणंद | २१ एप्रिल, रात्री १०:१८

आहेत ना, एप्रिल आहे. अढी घातलीय पेंढ्यात, साधारण २० डझन. डबा त्याच्याच बाजूला होता. का?

पदवी_दापोलीची | २१ एप्रिल, रात्री १०:४०

मग गुन्हेगार सापडला. दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलो त्याचा पहिल्यांदा लग्नकार्यात उपयोग होतोय. आंबा पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतो. अढीत आंबे एकत्र का घालतो तर एकाचा वायू दुसऱ्याला लागून सगळे पिकतात. तोच वायू फुलाला लागला की फुलाला वाटतं आपलं वय झालं. कार्नेशन तर त्याला इतकं हळवं असतं की पाकळ्या आत वळवून मिटतंच, फुलांच्या व्यापारात याला फूल झोपलं असंच म्हणतात, म्हणजे तुम्ही लिहिलेला शब्द अचूक आहे. ऑर्किडची फुलं गळतात. शेवंतीला मात्र या वायूचं विशेष काही वाटत नाही, म्हणून ती ढिम्म. तार, टेप, हात सगळं बरोबर होतं. फक्त २० डझन हापूसच्या शेजारी झोपवलंत.

दोन उपाय. एकतर फुलं आंब्यापासून लांब, वारा खेळता असेल अशा खोलीत ठेवा. फ्रिज वापरायचाच तर त्यातले आंबे, चिकू, केळी आधी बाहेर काढा, नाहीतर बंद फ्रिजमध्ये तर आणखीच कोंडतं. आणि ऑर्किड असेल तर फार गार नको, उष्ण प्रदेशातलं फूल आहे, फ्रिजच्या मागच्या भिंतीला लागलं की पाकळ्या पाणचट होतात. दुसरा उपाय म्हणजे शेवंती वापरा आणि निवांत झोपा. नाना बरोबर आहेत, कारण वेगळं असलं तरी.

शेवग्याची_शेंग | २१ एप्रिल, रात्री १०:४६

हापूसने कार्नेशनचा जीव घेतला. देवगडचा होता की मालवणचा?

पाणंद | २१ एप्रिल, रात्री १०:५०

आमच्याच बागेतला. घरचाच भेदी निघाला.

गजालवाडी | २२ एप्रिल, सकाळी ६:४०

आता कळला आमची आये देवाची फुला माजघरात कित्याक ठेवी नाय ता. आमका वाटायचा सोवळा.

निवांत_नाना | २२ एप्रिल, सकाळी ७:१०

पाणंद, एक सुचवतो. विरोध अजून कायम आहे, पण करताय तर नीट करा. देवळामागे ओवळं, म्हणजे बकुळ, अजून पडत असेल तर वेचून ठेव. ओवळाच्या फुलाला मधे आपसूक भोक असतं, सुई पण लागत नाही. दहा-बारा फुलांची बारीक कडी करून देठाला टेपच्या वरून गुंडाळ. सुकलं तरी वास जात नाही. शेवंतीला वास नाही, ती उणीव भरून निघेल. आमच्या आईच्या पातळांच्या घडीत दोन-दोन वर्षं जुने ओवळाचे सर असायचे.

शेवग्याची_शेंग | २२ एप्रिल, सकाळी ९:०५

नाना विरघळले. धाग्याचं सार्थक झालं.

कोकणची_आत्या | २२ एप्रिल, दुपारी २:३०

सगळं वाचलं. पुरुषांच्या फुलांवर एवढा खल, आणि बायकांचं काय? नवऱ्याच्या आईला, आत्यांना, मावश्यांना?

वसईची_पोर | २२ एप्रिल, दुपारी २:५५

आत्या, आमच्याकडे आयांना मनगटाला रिबिनीवर बांधायचा छोटा गुच्छ करतात, पद्धत तीच. पण तुमच्याकडे डोक्यात अबोलीची वेणी असताना मनगटावर वेगळं कशाला?

कोकणची_आत्या | २२ एप्रिल, दुपारी ३:०१

मिळत असेल तर दोन्ही घेऊ.

पाणंद | १६ मे, दुपारी १२:१०

लग्न झालं!! सगळ्यांना सांगितल्याशिवाय चैन पडत नव्हती म्हणून पाहुणे गेल्या गेल्या लिहायला बसले.

शेवटी काय केलं ते सांगते. पांढरी बटण शेवंती, एका नगाला एक. मागे दारच्या क्रोटनचं एक छोटं पान, बाजूला माडाच्या पोयीच्या दोन काड्या आणि अबोलीचा एक छोटा तुरा, तो नवरीच्या साडीच्या रंगाला बरोब्बर लागला. हिरवी टेप ऐन वेळी पाचव्या नगाला संपली कारण तालमीत मी सढळ हाताने ओढली होती. मग आजी पुढे आली. तिने केळीचं सुकं सोपट पाण्यात भिजवून त्याच्या बारीक पट्ट्या काढल्या आणि वेणी बांधतो तसंच देठाला आवळून बांधलं. इतकं देखणं झालं की टेपवाली आधीची पाच पण सोडून परत सोपटाने बांधली. वरून नानांची ओवळाची कडी. १८ नग, आम्ही दोघी आणि आत्या, आदल्या रात्री साडेनऊ ते बारा. त्यातला एक तास गजाली.

ठेवली कुठे तर नवा थर्माकोलचा खोका आणला, मासळीचा नाही, तळाला बर्फाच्या बाटल्या, त्यावर वर्तमानपत्र, मग फुलांचे डबे. पडवीत ठेवला, माजघरापासून जितका लांब नेता येईल तितका. रात्री दोनला लाईट गेली ती सकाळी सहाला आली, पण खोक्याला काय फरक पडतो, फ्रिजवर विसंबले असते तर मेले असते.

खर्च तालीम धरून ९०० च्या आत. तालमीची कार्नेशनच सगळ्यात महाग पडली.

फजिती पण सांगते. मोत्याच्या टाचण्या दुप्पट आणल्या त्या सगळ्या कोणीतरी मांडवाच्या झालरींना वापरून टाकल्या, मग मित्रांना सेफ्टी पिना. व्याह्यांकडच्या एका काकांनी फूल उजवीकडे लावलं आणि रात्रभर तसंच, त्यांना सांगायचं कोणी हा मोठा प्रश्न होऊन बसला आणि शेवटी कोणीच सांगितलं नाही. भावाचं पहिलं फूल पाऊण तासात चेंगरलं, वसईताई तुझे पाय कुठे आहेत. शिलाईमशीन काकांनी कोटाच्या मागे फास करून दिला होता त्यामुळे दुसरं लावायला अर्धा मिनिट. आजोबांनी स्वतःचं फूल टोपीला खोवून घेतलं आणि सगळ्यात जास्त फोटो त्यांचेच निघालेत. अबोली साधारण नऊच्या सुमारास थोडी मलूल झाली. शेवंती आज सहाव्या दिवशी पण ताटलीत बसून माझ्याकडे बघतेय. पोयीच्या कळ्या मात्र दुसऱ्या दिवशी गळल्या, सतरंजीभर.

आणि हो, आत्यांना मनगटाला पण दिलं आणि डोक्यात पण.

कोकणची_आत्या | १६ मे, दुपारी १२:१५

ती आत्या मी नव्हे, पण समाधान झालं.

निवांत_नाना | १६ मे, दुपारी १:०५

ओवळाचा वास आला का लोकांना?

पाणंद | १६ मे, दुपारी १:०९

नाना, भावाचा कोट परवा ड्रायक्लीनला देताना खिशात काहीतरी आहे म्हणून बघितलं तर त्याने ती कडी काढून खिशात जपून ठेवली होती. आता बायकोच्या साडीच्या घडीत आहे.

नवा_गडी | १७ मे, सकाळी १०:२०

मस्त धागा, सगळा वाचून काढला. माझं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे, गुहागरला. मला कार्नेशनच हवंय. तेव्हा आंबे नसतील त्यामुळे काही भीती नाही ना?

पदवी_दापोलीची | १७ मे, सकाळी १०:३८

आंबे नसतील. पण लग्नघर आहे ना? मग पडवीत केळीचे घड कुठे टांगलेत ते आधी बघून घ्या.